दोन ग्रॅमवाल्या पोट्ट्यांचं काय करायचं ते आधी ठरवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली दर दोन-तीन दिवसाआड एक फोटो असतोच. मागे पाच-सहा पोलीसवाले उभे, समोर टेबलावर एमडी या नशेच्या प्लास्टिकच्या बारक्या बारक्या पुड्या, एक छोटा वजनकाटा, दोन-तीन मोबाइल आणि खाली तोंडाला रुमाल बांधून बसवलेले पोट्टे. आमच्याकडे मानेवाड्याला सकाळी पानठेल्यावर लोक तो फोटो बघतात, "बरं झालं बे, यांना ठोकलंच पाहिजे" म्हणतात आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकून कामाला निघतात. मीही तेच म्हणायचो. माझं मेडिकल आहे, म्हणजे औषधाचं दुकान, नागपुरात नुसतं मेडिकल म्हटलं की लोकांना आधी मेडिकल कॉलेजच आठवतं म्हणून सांगितलं. 31 वर्षं झाली काउंटरवर उभं राहून, आणि गेल्या दोन वर्षांत एका पोट्ट्याचं सगळं डोळ्यासमोर झालं म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर कापा साहेब, पण नशेच्या कायद्यातल्या कलम 64अ चा भाग तेवढा राहू द्या.

पोट्टा आमच्याच गल्लीतला, नाव लिहीत नाही, मला काका म्हणतो. डिलिव्हरीचं काम करायचा, बारावीनंतर शिक्षण सुटलं, पण चांगला पोरगा, आईला दवाखान्यात न्यायचं असलं की गाडीवर बसवून आधी माझ्या दुकानासमोर थांबून "काका जेवणाआधीची कोणती अन् नंतरची कोणती" असं विचारून जायचा. एक दिवस मे महिन्यात भर दुपारी 3 वाजता आला, म्हणे नाकातून रक्त येतंय, थेंब द्या. मला वाटलं ऊन लागलं असेल, नागपूरचा मे, नाक फुटतंच लोकांचं. दोन दिवसांनी परत आला, आता झोपेची गोळी पाहिजे. चिठ्ठी कुठे आहे? नाही. मग मी नाही दिली. 1 मार्च 2014 पासून आम्हाला शेड्यूल एच-1 चं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, सगळं, आणि ते 3 वर्षं सांभाळून ठेवायचं, झोपेच्या गोळ्या त्यात, लोक नशेसाठी पितात ते खोकल्याचं कोडीनचं सिरपही त्यात. तर मी त्याला हाकललं. पण तो उभा होता तेवढ्या वेळात त्याचा जबडा सारखा हलत होता, दातावर दात घासत होता, मला वाटलं खर्रा असेल तोंडात, पण तोंड रिकामं होतं. तीन रात्री झोपला नव्हता हे नंतर त्याच्या आईने सांगितलं. सिरप पिणारा गिऱ्हाईक मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो साहेब, एमडीवाला समोर उभा होता तर ओळखला नाही, हे आजही डोक्यात बसलंय.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. याला ना शेत लागतं ना पाऊस. गांजा ओडिशा-आंध्रच्या जंगलपट्ट्यातून ट्रेनने येतो, गोण्या वास मारतात, कधी ना कधी सापडतात. हे मात्र केमिकल आहे, कुठल्यातरी बंद पडलेल्या शेडमध्ये बनतं आणि खिशात मावतं. 2015 च्या फेब्रुवारीपर्यंत तर हे एनडीपीएसच्या, म्हणजे नशेच्या मालाविरुद्धच्या कायद्याच्या, यादीतच नव्हतं, पोलिसांच्या हातात त्या कायद्याचा दंडुकाच नव्हता आणि मुंबईत म्याव म्याव म्हणून पोरं खुलेआम घ्यायची. यादीत टाकल्यावर काय झालं तर बंद झालं नाही, ते आपल्यापर्यंत नागपुरात येऊन पोचलं.

पुढचं सांगतो. पहिले घरातलं दुसरं सिलेंडर गेलं. मग मिक्सर. मग आईचे कानातले. आईने पोलिसात तक्रार केली नाही, कोणती आई करते, पण हाच पोट्टा दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या गळ्यातली चेन ओढायला निघाला असता तर मला अजिबात नवल वाटलं नसतं. लोक म्हणतात ना नशेमुळे गुन्हे वाढतात, ते खरंच आहे, पण त्यातला निम्मा भाग पुडीच्या भावाचा असतो, माल चोरटा म्हणून महाग, महाग म्हणून चोरी. आणि उरलेला भाग विकणाऱ्यांच्या आपसातल्या हाणामारीचा, कारण धंद्यात उधारी बुडाली तर हे लोक कोर्टात थोडेच जाणार आहेत.

आणि मग तो पकडल्या गेला. खिशात एकच पुडी, 2 ग्रॅमच्या आत.

आता हा 2 ग्रॅमचा आकडा काय आहे ते लोकांना माहीतच नाही, म्हणून लिहितो. आपला एनडीपीएस कायदा 1985 चा, त्याच्या आधी गांजा-भांगेची लायसनवाली दुकानं असायची, माझे आजोबा त्याच्या गोष्टी सांगायचे. 2001 च्या दुरुस्तीत मालाच्या वजनावर शिक्षा ठरवली. एमडी 2 ग्रॅमपर्यंत सापडली तर ती अल्प मात्रा, जास्तीत जास्त 1 वर्ष किंवा 10 हजार दंड किंवा दोन्ही. 50 ग्रॅमवर गेलं की व्यापारी मात्रा, मग 10 ते 20 वर्षं. गांजाला हेच आकडे 1 किलो आणि 20 किलो. म्हणजे पिणारा वेगळा आणि विकणारा वेगळा हे कायद्यालाही कळतं. भांगेची पानं तर गांजाच्या व्याख्येतच बसत नाहीत, म्हणून होळीला घोटणारा सुटतो. कायदा वाटतो तेवढा आंधळा नाहीये, अंमल करताना मात्र सगळे एकाच व्हॅनमध्ये बसतात.

पोट्टा काही दिवस आत राहून जामिनावर आला. आत जाण्याआधी त्याला एकच पुडीवाला माहीत होता, तोही फक्त फोनवरचा. बाहेर आला तेव्हा कोण कुठून आणतो, कोणाकडे स्वस्त आहे, कोण "काम" देतो, सगळी माहिती घेऊन आला, त्याने स्वतःच मला सांगितलं, जरा रुबाबातच. डिलिव्हरीचं काम गेलं. मिहानच्या औद्योगिक भागात एका कंपनीत हाउसकीपिंगला लागत होतं, तिथे चारित्र्य पडताळणी मागितली, झालं. घरी बसला. घरी बसलेल्या पोट्ट्याला "काम" कोण देणार हे तुम्हीच सांगा.

मग आईने एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं, उरलेलं सोनं गहाण ठेवून. तिथे 40-45 दिवस ठेवलं, फोनवर बोलू दिलं नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो म्हणे, आणि हात बांधून ठेवल्याचे वळ मी माझ्या डोळ्याने पाहिले, मलम माझ्याच दुकानातून नेलं. अशा केंद्रांना 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणी लागते, नशेचे आजारही त्या कायद्यात धरलेत. बोर्डावर नंबर नव्हता, आम्ही विचारलाही नाही, कारण आपल्याला तेव्हा फक्त पोट्टा घरातून जायला पाहिजे असतो. बाहेर आला, 11 दिवस राहिला, परत सुरू.

आता 64अ. एक तरुण वकील बीपीची गोळी न्यायला येतो वडिलांसाठी, त्याच्याशी सहज विषय निघाला तर तो म्हणाला, काका पकडल्यावर अर्ज का नाही केला? कसला अर्ज? तर एनडीपीएसमध्येच कलम 64अ आहे. ज्याला व्यसन आहे, ज्याच्याकडे अल्प मात्रा सापडली आहे आणि जो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार आहे, त्याच्यावर त्या अल्प मात्रेच्या गुन्ह्याचा खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. कलम 39 पण आहे, त्यात दोषी ठरल्यावरही कोर्ट त्याला जेलऐवजी उपचाराला सोडू शकतं. मी म्हटलं हे आम्हाला कोणीच कसं नाही सांगितलं, ना पोलिसांनी, ना आमच्या वकिलाने, फी तर पूर्ण घेतली. तो पोरगा हसला फक्त. संपादक साहेब, खरं सांगतो, मी त्या रात्री झोपलो नाही. ज्या औषधाची एवढी गरज होती ते दुकानातच होतं आणि काउंटरवरच्या कोणाला माहीत नव्हतं, असं झालं हे.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी म्हणते सगळ्यांना उलटं टांगा, दुसरी, त्यात जास्त करून ज्यांची पोरं बाहेरदेशी आहेत ते, म्हणतात पोर्तुगालसारखं करा, सगळं मोकळं करा. दोघांनीही अर्धंच वाचलंय.

उलटं टांगणाऱ्यांसाठी थायलंड. 2003 साली तिथल्या सरकारने नशेविरुद्ध युद्ध पुकारलं, तीन महिन्यांत 2 हजाराच्या वर माणसं मारल्या गेली, त्यात कित्येकांचा नशेशी संबंधच नव्हता असं नंतर समोर आलं, आणि याबा नावाची नशेची गोळी आजही तिथे मिळते. मग 2022 मध्ये त्याच देशाने गांजा एकदम मोकळा केला, गल्लोगल्ली दुकानं लागली, आणि 2025 मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. या टोकावरून त्या टोकाला अन् परत, आपल्या ऑटोवाल्यांसारखं इंडिकेटर न देता.

मोकळं करा म्हणणाऱ्यांसाठी पोर्तुगाल, पण पूर्ण. 1 जुलै 2001 पासून तिथे 10 दिवसांच्या वापराएवढा माल सापडला तर तो गुन्हा धरत नाहीत. पण मोकळं काहीच नाही, माल जप्त होतोच, विकणं आजही गुन्हाच आहे, आणि पकडलेल्या माणसाला एका समितीसमोर जावं लागतं, ही समिती आरोग्य खात्याची, त्यात कायद्याचा माणूस, मानसशास्त्राचा माणूस, समाजसेवक. ते बघतात हा व्यसनी आहे की हौशी, आणि त्याप्रमाणे उपचाराकडे ढकलतात. आधी तिथे हेरॉइनने थैमान घातलं होतं, सुया वाटून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही पसरला होता, ते खूप खाली आलं, आणि पिणारे काही दुप्पट-तिप्पट झाले नाहीत. पण हे कशामुळे झालं? कायदा बदलला त्याच वेळी उपचाराची सोय वाढवली, पैसा लावला म्हणून. पुढे खर्चाला कात्री लागली तर लिस्बन, पोर्तोच्या रस्त्यांवर परत लोक उघड्यावर नशा करताना दिसायला लागले.

आणि अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने नेमकी उलटी गाडी जुंपली. 2020 मध्ये मतदान घेतलं, 2021 च्या फेब्रुवारीपासून वापरापुरता माल असला तर फक्त 100 डॉलरची पावती, आणि हेल्पलाइनला फोन केला तर तीही माफ. फोन जवळजवळ कोणी केलाच नाही. उपचार केंद्रांचा पैसा वर्षभराहून जास्त अडकून राहिला, तेवढ्यात फेंटानिल नावाची जहाल नशा आली, माणसं मरायला लागली, तिथल्या पोर्टलंड शहरातले लोक वैतागले आणि 1 सप्टेंबर 2024 पासून परत गुन्हा. आपल्याकडे कोणी उद्या असा बदल केला तर आपण पोर्तुगाल होऊ की ओरेगॉन, हे मला विचारू नका, आपल्या सरकारी दवाखान्यातली मानसोपचाराची ओपीडी सकाळी 10 वाजता एकदा जाऊन बघा. डॉक्टर चांगले असतात हो, पण एका पेशंटला पाच मिनिटं, त्यात ते तरी काय करतील.

इतकं लांब जायची तरी काय गरज आहे म्हणा. विदर्भात आपण हे प्रयोग कधीचे करून बसलोय. वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावाने पन्नास वर्षांपासून कोरडा आहे, वर्धा रोडने जाऊन बघा, हद्द लागायच्या आधी बारची कशी रांग लागते. चंद्रपूरला दारूबंदीसाठी 2010 साली बाया चिमूरहून पायी चालत नागपूरला अधिवेशनावर आल्या होत्या, त्यांचं दुःख खोटं नव्हतं, नवऱ्याने दारूत घर बुडवलेल्या बाया होत्या त्या. 1 एप्रिल 2015 ला बंदी झाली, आणि मे 2021 मध्ये सरकारनेच उठवली, कारण सांगितलं की अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका-पोरं त्या धंद्यात ओढल्या गेली. गडचिरोलीत मात्र 1993 पासूनची बंदी आजही आहे आणि तिथे डॉ. अभय बंगांसारखी माणसं गावागावात मुक्तिपथ या दारू-तंबाखू सोडवण्याच्या मोहिमेचं काम करतात, गावातल्या बायांची संघटना, तालुक्याला उपचाराची सोय, बंदी आणि इलाज बरोबर. त्या कामाचं आणि चंद्रपूरचं काय वेगळं पडलं याचा अभ्यास हिवाळी अधिवेशनात कोणी मांडला तर मी स्वतः गॅलरीचा पास काढून ऐकायला येईन.

आणि खर्रा! 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी, सुगंधित तंबाखू-सुपारीवरही बंदी. माझ्या दुकानाच्या बाजूलाच पानठेला आहे, पोट्टा दिवसभर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घासत बसतो, तो खर्र-खर्र आवाज मला आता झोपेतही येतो. बंदीने एवढंच केलं की डबा काउंटरच्या वरून काउंटरच्या खाली गेला आणि भाव वाढला. खर्र्याने ज्यांचं तोंड पूर्ण उघडत नाही असे पेशंट माझ्याकडे मल्टिव्हिटॅमिन मागायला येतात. (सांगायला लाज वाटते, माझा सख्खा साळाही त्यातलाच.)

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मोठ्यांना, किलोने आणणाऱ्यांना, शेडमध्ये बनवणाऱ्यांना 20 वर्षं द्या, पोलिसांनी नशेच्या मालाविरुद्ध ऑपरेशन थंडर चालवलं ते चांगलंच केलं, त्याला माझा विरोध नाही. पण 2 ग्रॅमवाला पोट्टा पकडला की त्याच दिवशी त्याच्या घरच्यांच्या हातात 64अ चा एक कागद मराठीत द्या आणि पोलीस स्टेशनला बोलावल्यावर येईल असा एक काउन्सेलर ठेवा. नवीन कायदा लागत नाही याला, दिल्लीची परवानगी लागत नाही. 2021 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानेच सुचवलं होतं म्हणे की वापरापुरत्या मालाला गुन्ह्यातून काढा, ते तर कुठल्याकुठे गेलं, निदान जे कायद्यात लिहिलंय ते तरी वापरा. आणि त्याने उपचाराला हो म्हटल्यावर त्याला पाठवायचं कुठे, सरकारी खाट किती, आज रिकामी किती, हे कुठेतरी रोज लावलेलं असलं पाहिजे. नाहीतर पोट्टा सुटला आणि खाट मिळाली नाही तर आपण ओरेगॉनच.

एक गोष्ट तज्ज्ञ लोकही पटकन विसरतात. पंजाबमध्ये 2017 पासून सरकारी क्लिनिकमध्ये ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी देतात, हेरॉइनवाल्याची त्याने तलफ शांत होते, माणूस कामावर जातो, चोरी करत नाही. स्वित्झर्लंडने तर 1994 पासून जुन्या व्यसनींना डॉक्टरच्या देखरेखीत हेरॉइनच देऊन बघितलं आणि त्या लोकांच्या चोऱ्या बऱ्याच कमी झाल्या. पण एमडीला अशी गोळीच नाही. माझ्या दुकानात नाही, जगातल्या कुठल्याच दुकानात नाही. तिथे लागतो माणूस, जो आठवड्यातून दोनदा बसून बोलेल, घरच्यांना समजावेल, परत घसरला तरी दार उघडं ठेवेल. म्हणजे आपल्याला गोळ्यांपेक्षा पगारी काउन्सेलर जास्त लागणार आहेत आणि सरकारी भरतीचं काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. एम्सने 2019 मध्ये देशभराचा सर्व्हे दिला, त्यात दारूचं व्यसन जडलेल्या 38 जणांमागे एकाला कुठलातरी उपचार मिळतो असं निघालं. ही दारूची गत, जी कायदेशीर आहे, जिच्या करावर सरकार चालतं. त्या करातला थोडा भाग जरी या पगारासाठी बाजूला काढला तरी वाइन शॉपवाल्यांना काही फरक पडणार नाही, त्यांची रांग मी रोज बघतो.

त्या पोट्ट्याचं म्हणाल तर केस सुरू आहे, तारखा पडतात. सध्या सरकारी दवाखान्यात जातो, कधी जातो कधी नाही. परवा दुकानात आला, म्हणे काका चार दिवस झोप चांगली लागली. जबडा शांत होता, मी मुद्दाम बघितलं. आईची शुगरची गोळी घेऊन गेला, 20 रुपये कमी होते, उद्या देतो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच आणून दिले.

मी काय केलं तर त्या वकील पोराकडून कलम 64अ साध्या मराठीत लिहून घेतलं, खाली केंद्र सरकारची 14446 ही हेल्पलाइन टाकली आणि काउंटरच्या काचेवर आतून चिकटवलं, बाहेरून लावलेला पहिला कागद कोणीतरी फाडला होता. तीन आठवड्यांत चार बायांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढून नेला. एकीने औषध काहीच घेतलं नाही, नुसता फोटो काढला आणि इकडेतिकडे बघून निघून गेली.

आपला,
एक मेडिकलवाला,
मानेवाडा, नागपूर